फुवांची चिनी परीक्षा

नापास झाल्याचा एवढा तोरा मिरवणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच, तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आमच्या कोरीट गावात लहानथोर सगळे त्यांना फुवाच म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फुवा बिहारकडच्या एका छावणीत कारकून होते. तिथे चिनी पलटण आली आणि चिनी भाषेची परीक्षा देणाऱ्या कारकुनाला बढती मिळेल असे जाहीर झाले. पेपरात विचारले होते, वाटेत शिपाई भेटला तर त्याच्याशी काय बोलाल? फुवांनी सुरुवात आकाश आणि पृथ्वीच्या उत्पत्तीपासून केली, मध्ये चार म्हणी खोवल्या आणि शेवटी चिनी सेनापतीला दीर्घायुष्य चिंतले. शिपाई वाटेतच राहिला. परीक्षकाने शेरा मारला, 'विचारलेले सोडून सर्व लिहिले आहे.'

बढती गेली, पण फुवांना अक्कल काही आली नाही. लग्नातला वऱ्हाडी असो की कापूस वेचणारी बाई, जो सापडेल त्याला ओट्यावर बसवून ते सांगत, "कच्चा पोऱ्या इचारेल तितलंच लिखस. पक्का पोऱ्या पान भरी टाकस! मन्हं उत्तर त्या परीक्षकलेच झेपनं नही." पाणी हवे का, एवढे विचारले तरी ते चीनमधल्या नद्या सांगू लागत, पाणी हवे की नको हे शेवटी आत्याच ठरवी.

एका उन्हाळ्यात रेशमी कापडाचे गाठोडे पाठीवर घेऊन एक चिनी फेरीवाला गावात आला. सगळे गाव ओट्यासमोर जमले. फुवांनी भर उन्हात कोट चढवला, हात जोडले आणि एक लांबलचक चिनी वाक्य म्हटले. फेरीवाला पाहतच राहिला. "बाबू, कपडा लेना है क्या?" लोक खो खो हसले. फुवांनी त्याहून लांब वाक्य काढले. फेरीवाला गोंधळून इकडेतिकडे बघू लागला.

तेवढ्यात दारातून आत्या कडाडली, "आहो, तोंड सुकाई जायेल शे त्यान्हं! जेवना का, ते इचारा ना पहिले!"

फुवांनी जोडलेले हात सोडले. मग हळूच, चिनीत दोनतीन शब्दांत तेवढेच विचारले.

फेरीवाल्याने गाठोडे खाली ठेवले. तो ओट्यावर टेकला आणि चिनीत बोलू लागला. आत्याने वाढलेली भाकरी खाताना बोलला, हसला, बाहीने डोळे पुसले, पुन्हा बोलला. फुवा मान डोलवत होते.

तो गेल्यावर मी खोचकपणे विचारले, "काय म्हणत होता हो?"

"माले काय बी समजनं नही," फुवा म्हणाले. खापर गावच्या बाजाराकडे निघालेला तो माणूस दिसेनासा होईपर्यंत ते वाटेकडे बघत होते. "पन कितला दिनमा बोलना व्हई रे तो."