पूजलेल्या कॉम्प्युटरवरचा मेल

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात व्हायरसचा विषय निघाला की मी उठून अंगणात जायचो. आता लिहून टाकतो.

आमच्या भागात इंटरनेट नुकतंच आलं होतं. केज तालुक्यातल्या एका तेल गिरणीत मी मुनीम होतो. पेंडीच्या ऑर्डरी मेलवर येऊ लागल्या म्हणून शेठनी कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला एका किराणा दुकानदाराची मुलगी ठेवली. बीडला क्लास केलेली. बाप तिला कामाला पाठवायला तयार नव्हता. माझ्या नजरेखाली राहील असा शब्द मी दिला, तेव्हा कुठे कबूल झाला.

खंडेनवमीच्या सकाळी तिने क्लासमधून एक सीडी आणली.

"काका, आपल्या मेलच्या प्रोग्रॅममधी खोट हाय. सध्या असा एक मेल फिरतोय की उघडायची बी गरज न्हाई. खालच्या चौकटीत नुसता दिसला तरी घुसतो. ह्या सीडीत दुरुस्ती हाय. टाकू का?"

तोवर घाण्याला, तराजूला आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून झालं होतं. पूजलेल्या वस्तूला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा गिरणीचा नेम.

"आज कावून? दसरा झाल्यावर टाक."

"मंग व्हायरसला बी सांगा, काका, सुट्टी हाय म्हणून." हसली आणि घरी गेली.

दुपारी शेठचा लातूरहून फोन आला. हैदराबादच्या पार्टीचा मेल आला का, गाडी भरायची का? तिला बोलावता आलं असतं. पण सकाळी मीच अडवलेलं. कोणत्या तोंडाने बोलावणार? मी कॉम्प्युटरवरची झेंडूची माळ काढली, तिने शिकवलं होतं तसे मेल उतरवले. हैदराबादचा नव्हता. ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या नावाचा होता. त्यावर टिचकी मारली. खालच्या चौकटीत पांढरं, रिकामं पान दिसलं. आणि आमच्या कॉम्प्युटरवरून आपोआप मेल जायला लागले. इंदूर, पुणे, सोलापूर, सगळी गिऱ्हाइकं. मी कॉम्प्युटरला जोडलेली फोनची वायर उपटली, माळ परत चढवली आणि शेठना कळवलं, मेल आला नाही.

दसऱ्याला सोनं देताना कुठे फोन वाजला तरी माझा हात थांबायचा. दुसऱ्या दिवशी खरंच फोन सुरू झाले. तुमच्या मेलनं आमचे कॉम्प्युटर बंद पाडले, म्हणून. शेठनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"मशीन कुणाच्या हातात असतंय?"

"तिच्या," मी म्हणालो.

एवढंच. एरवी ते खरंही होतं.

"शेठ, नवमीपासून मी हात लावला न्हाई. काकांना विचारा की."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत राहिलो.

शेठनी तिला कामावरून काढलं. संध्याकाळी तिचे वडील न्यायला आले. जाताना मलाच हात जोडले. "पोरीनं तुमचा शब्द खाली पाडला, मुनीमजी. माफी असावी."

काही वर्षांनी कपिलधारच्या यात्रेच्या गर्दीत ती दिसली. कडेवर लेकरू. वाकून पाया पडली.

"कुठं नोकरी करतीस का?"

"त्याच्यानंतर घरच्यांनी कुठंच जाऊ दिलं न्हाई, काका. तुमची तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय."

एवढ्यात तिच्या नवऱ्याने हाक मारली आणि ती पायऱ्या उतरून गेली. मला म्हणायचं होतं ते इतकंच: पोरी, तो मेल मी उघडला होता. मला माफ कर.