मालकाचं औषध

आसराबाईंबद्दल मला किती थोडं माहीत आहे, ते कागद पुढे घेतल्यावर कळलं. त्यांचं माहेर कोणतं हे मी कधी विचारलं नाही. भोकरदनकडचं असावं, कारण तिकडच्या बाजाराचं नाव त्यांच्या बोलण्यात यायचं. वय चाळीस असेल, किंवा पंचेचाळीस. तीन हंगाम मी त्यांना रोज पाहिलं, आणि तेही नीट पाहिलं असं म्हणवत नाही. मला लिहिण्याची सवय नाही. ज्यांना जास्त माहीत आहे त्यांनी लिहायला हवं होतं, पण तसं कोणी उरलं असेल असं वाटत नाही.

निजामाच्या अमलातली, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातली ही गोष्ट. परतूरला स्टेशनाजवळच्या एका जिनिंगमध्ये मी हजेरीवर मुन्शी होतो. वय वीस-एकवीस. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की यंत्रं सुरू व्हायची, ती होळीपर्यंत. प्रत्येक यंत्रापुढे एक बाई उभी राहून कापूस आत सारायची. चाळीस यंत्रं आणि चाळीस बाया. सकाळी फाटकाशी मी नाव वाचायचो आणि प्रत्येकीच्या हातावर नंबराचा पितळी बिल्ला ठेवायचो. बिल्ला मिळाला म्हणजे त्या दिवसाचं काम मिळालं. मान वर करून बायांच्या तोंडाकडे पाहायची माझी छाती नव्हती, त्यामुळे त्या मला हातांवरून ठाऊक होत्या. चार नंबरचा रुंद, अंगठ्याशी जुना व्रण असलेला हात आसराबाईंचा. पाच नंबरचा हात त्यांच्या सुनेचा, गोपिकाबाईचा.

त्या धनगर; चाळीस बायांत धनगरांच्या अशा चौघी होत्या. नवरा वारल्यावर त्यांनी मेंढरं विकली. मुलगा वडीगोद्रीकडे दुसऱ्याच्या मेंढरांमागे सालानं राहिला होता. सासू-सून दोन नातवंडं घेऊन परतूरला आल्या होत्या आणि या दोन बिल्ल्यांवर चौघांचं चालायचं.

माझ्या दुसऱ्या हंगामात, मार्गशीर्षात, मला बायांच्या बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या दिसू लागल्या. सगळ्यांत आधी मी त्या पाहिल्या नंदाबाईच्या हातावर. नंदाबाई कुणब्यांची, बोलायला खंबीर, बायांत तिचं चालायचं. तिला मी नेहमीसारखाच बिल्ला दिला. महिनाभरात पंधरा-वीस हात तसे झाले. मग एके सकाळी मुकादम भुजंगरावांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि हात उलटेसुलटे करून पाहिले.

"खरूज हाय ही," ते म्हणाले. "कुठून आली?"

"कुठून म्हंजे? मेंढरांतून," नंदाबाई म्हणाली. "ह्या चौघींच्या अंगाला अजून वास येतो."

"मेंढरं विकून चार वर्षं झाली बाई," आसराबाई म्हणाल्या. "आता लेंडीसुद्धा पायाखाली येत न्हाई माझ्या. वास येत असंल तर तो तुमच्याच सरकीचा."

बाया हसल्या. पण भुजंगरावांनी धनगरांच्या चौघीजणींना घरी पाठवलं, बाकीच्यांना ठेवलं. खरूज पहिल्यांदा कोणाच्या हातावर आली ते मला माहीत होतं. मी त्यांचे चार बिल्ले परत पेटीत टाकले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आसराबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या.

"मुन्शी, एक काम करता का? अत्ताराकडून गंधक आणून द्या. मला म्हणतो, दुकानाला हात लावू नको."

"कशाला हवाय?"

"मेंढराला खरूज झाली की माझा सासरा दवा करायचा. तीच करून बघते. हात साफ झाल्यावर मुकादम न्हाई कसं म्हणंल? होळीला दोन महिने हायेत अजून. दोन महिने कामाचे गेले तर पावसाळ्यात लेकरं काय खातील?"

मी गंधक आणून दिला. चार दिवसांनी त्या परत आल्या, तेव्हा कोपरापर्यंत हात सोलून निघाल्यासारखा लाल झाला होता. सासऱ्याच्या दवेत गंधकाबरोबर मोरचूद आणि तंबाखूचं पाणी असायचं. तीच त्यांनी आधी स्वतःवर लावून पाहिली होती.

"लई आग झाली," त्या हसत म्हणाल्या. "मेंढरू बोलत न्हाई, म्हणून आजवर कळलंच न्हाई. बिचारं किती सोसत असंल."

मग मोरचूद गेला, तंबाखू गेली. दुधना नदीच्या काठी करंजाची झाडं आहेत. त्यांच्या बिया वेचून त्यांनी तेल्याच्या घाण्यावर तेल काढून आणलं आणि त्यात गंधक घातला. गंधक तळाशी बसला, वरचं तेल अंगावरून ओघळून गेलं. कडुलिंबाच्या पाल्याचा रस घालून पाहिला, त्यानं ते नासलं. शेवटी मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून त्यात तेल ओतलं, आणि खाली उतरवून घट्ट होईपर्यंत वस्त्रगाळ गंधक घोटत राहिल्या. माप होतं चुन्याच्या डबीचं झाकण. पाच झाकणं तेलाला एक झाकण गंधक घातला तर कातडी सुकून फुटायची. वीस झाकणांना एक घातला तर काहीच व्हायचं नाही. दहाला एक बराबर बसला. एवढं जुळेपर्यंत त्यांच्या डाव्या हातावर वेगवेगळ्या मिश्रणांचे पाच-सहा पट्टे होते, आणि कोणता पट्टा कशाचा हे त्या न चुकता सांगायच्या. मला फक्त गंधक आणायचं काम होतं. तिसऱ्या वेळी अत्तारानं विचारलं, "मुन्शी, बंदुकीची दारू करून राह्यले का?"

त्या मलमानं आठ दिवसांत सासू-सुनेचे हात साफ झाले. भुजंगरावांनी पाहिले आणि दोघींना कामावर घेतलं. मला वाटलं, झालं. पण दहा-बारा दिवसांनी बिल्ला ठेवताना गोपिकाबाईच्या बेचक्यात मला पुन्हा पुटकुळी दिसली. भुजंगरावांनाही दिसली. सासू-सून पुन्हा घरी.

या वेळी त्या फाटकाशी आल्या त्या रागातच होत्या, पण स्वतःवर.

"मी येडी, मुन्शी. जलम मेंढरांत गेला अन् इसरले. एका मेंढराला दवा लावून कधी खरूज गेली का? सासरा समद्या कळपाला एका दिशी लावायचा. धडधाकटाला बी. अन् दुसऱ्या दिशी मेंढरं कोंडायचं वाडगं दुसरीकडं हलवायचा. एक जरी सोडलं तरी कळप गेला."

"मग आता?"

"आता काय, चाळीस जणींना एका रात्री लावायचं. घरातल्या माणसांना बी. सकाळी लुगडी, वाकळा उकळत्या पाण्यात घालायच्या. पण माझ्या हातचं त्या लावतील व्हय? मेंढराचं औषध म्हणून थुंकतील."

त्याच पुढे म्हणाल्या, "मालकानं पाठवलं म्हणून सांगा. मालक कुठं इथं येऊन राह्यला?"

मालक हैदराबादला असायचे. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, तेही मोटारीच्या काचेतून. त्यांचं खोटं नाव घेणं म्हणजे नोकरी जाणं. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, गोपिकाबाई आली, आणि धाकट्या पोराला काखेत घेऊन नुसती फाटकाबाहेर बसून राहिली. मग मी गंधक आणायला गेलो. आसराबाईंनी आधीच सांगितलं होतं तसा कापूरही घेतला. करंजाच्या तेलाचा वास बायांनी ओळखला असता. धनगरवाड्यावरून जाताना तोच वास येतो. कापूर घातल्यावर ते मलम दवाखान्यातल्यासारखं वास मारू लागलं. "वास आल्याबिगर लोकाला औषध वाटत न्हाई," आसराबाई म्हणाल्या. कापराचा खाजेला उपयोग होतो हे त्यांना नंतर, लावून पाहिल्यावर कळलं.

बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असायचं. आदल्या संध्याकाळी मी फाटकाशी पळसाच्या पानांत बांधलेल्या पुड्यांची टोपली ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा चाळीस बायांपुढे बोललो. घरी बसवलेल्या चौघीही फाटकाबाहेर येऊन उभ्या होत्या. माझा आवाज कसा होता ते आठवत नाही. मालकांनी औषध पाठवलंय, घरातल्या सगळ्यांनी आज रात्री मानेखाली सगळीकडे लावायचं, उद्या कपडे उकळायचे, जी लावणार नाही तिला परवा बिल्ला नाही, असं काहीतरी म्हणालो.

"ह्या चौघींना कशाला?" नंदाबाई म्हणाली. "त्या तर बंद हायेत."

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना," मी म्हणालो. "मालकांचा हुकूम."

भुजंगराव बाजूला उभे होते. ते आता विचारतील, हुकूम कुठाय, असं वाटून मी टोपलीतल्या उरलेल्या पुड्या पुन्हा पुन्हा मोजत होतो. बाया गेल्यावर ते जवळ आले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मुन्शी, दोन पुड्या मला बी दे. घरी बी सुरू झालंय. जरा जास्तीची बांध, मला मांड्यांना बिलकुल दम न्हाई." धोतरातून खाजवत ते पुड्या घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी मी चाळीस हातांवर बिल्ले ठेवले तेव्हा एकाही बेचक्यात नवी पुटकुळी नव्हती. चार आणि पाच नंबर त्यांच्या यंत्रांवर होते. भुजंगरावांनी त्यांना कसं परत घेतलं हेही मी विचारलं नाही. मांड्यांना दम पडला होता, एवढं दिसत होतं.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाया भाकरी खात बसल्या होत्या. नंदाबाई आसराबाईंना म्हणाली, "मालकाचं औषध आलं म्हणून बरं. न्हाई तर तुमच्या मेंढरांनी समद्यांना घालवलं असतं."

मी दहा हातांवर होतो. मी सांगायला हवं होतं. आसराबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "व्हय बाई. मालक देवमाणूस."

नंतर मी एकदा त्यांना म्हणालो की मला हे बरं वाटत नाही, तुमचं नाव मी सांगतो. त्या म्हणाल्या, "अन् मंग पुढच्या खेपंला लावतील का त्या? तुम्हाला बरं वाटावं म्हणून माझा बिल्ला घालवू नका." हे त्या रागानं म्हणाल्या नव्हत्या. मला मात्र ते खरं असल्यामुळे जास्त लागलं.

पुढच्या हंगामात बाया आपणहून मला विचारायच्या, मुन्शी, मालकाचं औषध आलं का. आसराबाई घोटायच्या आणि मी वाटायचो. मंठ्याकडचे लोकही मागायला येऊ लागले. एक बाई तर मालकासाठी नारळ देऊन गेली. तो मी आसराबाईंकडे पोचवला, तेव्हा मालकानं तो फोडून नातवंडांना वाटला, असं मला त्यांनी नंतर सांगितलं.

त्यांचं नाव मी तेव्हाही कोणाला सांगितलं नाही आणि पुढेही नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे. पुढच्या दिवाळीनंतर मुलखात रझाकारांची गडबड सुरू झाली आणि त्या वर्षी जिनिंग उघडलंच नाही. धनगरांची काही घरं वऱ्हाडात निघून गेली, त्यांत त्या होत्या असं ऐकलं. शोध घ्यावा इतकी ओळख आपली होती का, हा विचार करण्यातच माझी वर्षं गेली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या हंगामाच्या अखेरच्या दिवशी. सगळ्या बाया बिल्ले टाकून गेल्या होत्या. त्या मागे राहिल्या होत्या.

"कार्तिकात कवा सुरू करता?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीनंतर आठ दिवसांनी."

"मला चार नंबरच ठिवा. दुसऱ्या यंत्राला हात बसत न्हाई."

"ठेवतो."

"अन् गोपिकीला पाच."

"हो, पाच."

"बरं, येते," त्या म्हणाल्या.

"या," मी म्हणालो.