मेलो म्हणजे नक्की कसं

माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला द्यायचं असेल तर ते सोनईजवळच्या आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना. आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, आम्हा भावंडांनाही न्यायचे. मी आठवीत असताना बाई घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, याला नेऊ नका, माझ्याकडे राहू द्या. वडिलांनी ऐकलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्याची सुरुवात ती.

बाई दर सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक इंग्रजी विशेषण लिहायच्या. अर्थ सांगायच्या नाहीत. पुस्तकांतली चार वाक्यं वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "विशेषण एकटं कधी भेटत नाही. ते कुणाशेजारी बसलंय ते बघ."

नगरला कॉलेजात गेल्यावर मी हे विसरलो. बी.ए.ला इंग्रजी घेतलं खरं, पण वर्गातली मुलं फाडफाड बोलायची आणि मी गाइड पाठ करायचो. शेवटी विषय बदलायचा अर्ज लिहून ठेवला. सेमिनार फसला की तो द्यायचा, असं ठरवलं होतं. सरांनी प्रत्येकाला एकेक विशेषण वाटून दिलं होतं, साहित्यात ते कसं वापरतात ते सांगायला. माझ्या वाट्याला ‘मेलो’ (mellow) आलं.

शब्दकोशात ‘पिकलेला, मऊ’ एवढंच होतं. मी जरा जास्तच हुशारी केली. उभा राहून सांगितलं, मेलो म्हणजे गाभुळलेलं.

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "व्हय, मीठ लावून खायचं."

वर्ग हसला. सरांनी मात्र शांतपणे विचारलं, "गाभुळलेली चिंच अर्धी कच्ची असते. कवी संध्याकाळच्या उन्हाला मेलो म्हणतात. ते ऊन कच्चं असतं का?"

ऊन म्हटल्यावर मला आई आठवली. भर दुपारी कुणी रानात निघालं की ती म्हणते, "थांब, ऊन निवू दे." मी तेच सांगितलं आणि मग बोलत गेलो. ऊन मेलो असेल तर ते निवलेलं. फळ असेल तर आढीत राहून आंबटपणा गेलेलं. आवाज असेल तर कानाला न टोचणारा. आणि कादंबरीतला म्हातारा मेलो असेल तर? माझे वडील पूर्वी ऊसतोडीच्या मुकादमाशी रोज भांडायचे. आता आधी त्याला चहा पाजतात, मग भांडतात. यावर सरसुद्धा हसले. मी म्हणालो, मराठीत एकच शब्द पुरत नाही. पण सगळीकडे धार गेलेली असते, चव गेलेली नसते.

सरांनी विचारलं, हे कुठल्या गाइडातलं? मी म्हणालो, आमच्या बाईंच्या वर्गातलं. अर्ज मी दिला नाही.

बाईंकडे व्हॉट्सॲप आहे. तरी दुसऱ्या दिवशी पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणून लिहिलं:

"बाई, नमस्कार. तुम्हाला न सांगता मी इंग्रजी सोडणार होतो. आता सोडत नाही, एम.ए.सुद्धा त्यातच करीन म्हणतो. सेमिनारमध्ये आधी फजिती झाली, ती भेटल्यावर सांगेन. वडील गुढीपाडव्यापर्यंत ऊसतोडीवरून गावी परत येतील. ते फोनवर म्हणाले, ‘बाईंना जेवायला बोलाव. आमी न्यायला येतू म्हनाव.’ तर याच."