लाल खुंट्यांच्या आत

सीमेवर पेरलेले सुरुंग काढण्यासाठी लष्करी अभियंत्यांची आमची फील्ड कंपनी राजस्थानात गेली, तेव्हा मी नाईक होतो. माझे गाव जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी. आमचे सेक्शन कमांडर हवालदार शेळके बदनापूरचे. आम्ही त्यांना 'उस्ताद' म्हणत असू.

हे काम कसे चालते, ते आधी सांगितले पाहिजे. प्रॉडर नावाची टोकदार सळई जमिनीत तिरपी घालायची. काही लागले की थांबायचे. अशा रीतीने साफ केलेल्या चिंचोळ्या वाटेला लेन म्हणतात. तिच्या दोन्ही कडांना पांढरी फीत असते आणि फितीपलीकडची जमीन तपासलेली नसते. लेनच्या तोंडाशी दोन लाल खुंट्या. खुंट्या ओलांडल्या की धोका संपला.

या कामात भीती उपयोगी असते. ती हात सावकाश चालवते. परंतु संध्याकाळी ती आपोआप निघून जात नाही. माणूस मग जागा राहतो, आणि जागरण झालेला माणूस दुसऱ्या दिवशी चुकतो. म्हणून उस्तादांनी एक शिरस्ता घालून दिला होता. खुंट्यांबाहेर आल्यावर हेल्मेट काढायचे, बूट आपटायचे, आणि मग ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: "आज घरी काय शिजतंय?" उत्तर दिल्याशिवाय चहा मिळत नसे.

साताऱ्याचा कदम, आमचा सॅपर म्हणजे साधा जवान, रोज 'मटण' म्हणे.

"रोजच मटण? तुझ्या गावात बकऱ्या शिल्लक हायेत का न्हाई?"

"उस्ताद, घरी मीच न्हाय, मग मटण उरतंय की!"

उत्तर खरे असावे म्हणून मी रविवारी फोन करून पत्नीला, सुमनला, आठवड्याचा बेत विचारीत असे. कशासाठी, ते तिला ठाऊक होते; ती हसे, पण सांगे.

नियम पक्का होता. खुंट्यांच्या आत घराचा शब्द नाही, आणि बाहेर सुरुंगाचा शब्द नाही.

उस्ताद दुसऱ्या दिवशी रजेवर निघणार होते. त्या संध्याकाळी काम थांबवून आम्ही लेनमधून परतत होतो. पुढे कदम, मध्ये उस्ताद, मागे मी. खुंट्या समोर दिसत होत्या. तेवढ्यात उस्ताद चालता चालता मागे वळले आणि हसून म्हणाले, "अंकुश, आज घरी काय शिजतंय रे?"

 प्रश्न खुंट्यांच्या आत विचारला गेला होता.

"उस्ताद, पाय!"

वळताना त्यांचा तोल गेला होता आणि एक पाय फितीबाहेर पडला होता. स्फोट झाला.

धूळ बसली तेव्हा ते फितीपलीकडे पडलेले दिसले. कदम रेडिओवर ओरडत होता, "माइन ब्लास्ट! एक कॅज्युअल्टी! अँब्युलन्स भेजो! ओव्हर!" अंतर दोन ढांगांचे होते. धावत जाण्याची मुभा नव्हती. मी गुडघ्यांवर बसलो आणि प्रॉडर हातात घेतला. सळई भराभर घालू लागलो. सळईचे टोक कशाला लागले आणि कशाला नाही, हेच कळेना.

उस्ताद शुद्धीवर होते.

"जल्दी करू नको," ते म्हणाले. "काम अजून चालू हाय."

मी सळई घालत, वाट तपासत त्यांच्यापर्यंत पोहोचलो आणि मांडीला रक्त थांबवणारी टूर्निके आवळली. अँब्युलन्स आली, परंतु रस्त्यातच ते गेले.

महिन्याभराने मला रजा मिळाली. टेंभुर्णीला आमचे रान नुकतेच नांगरलेले होते. दिवस मावळतीला मी पाहणी करायला ढेकळांत उतरलो आणि मध्यावर उभा राहिलो. पुढचे पाऊल पडेना. ही माझीच जमीन आहे, येथे काही नाही, हे मला ठाऊक होते. पायांना ते ठाऊक नव्हते.

सुमन बोलवायला आली आणि बांधावरून सरळ माझ्याकडे निघाली.

"रुको!" मी ओरडलो.

"कुणाला हुकूम करून राह्यलात? आपलंच रान हाय ना!" तिने आणखी एक पाऊल टाकले.

"सुमन, हात जोडतो. आलीस त्याच पावलांवरून माघारी जा."

तिने माझा चेहरा पाहिला. ती आपल्याच पावलांवर पाय ठेवत बांधावर गेली. तेथून तिने हळूच विचारले, "मंग आज इचारणार न्हाई का, घरी काय शिजतंय?"

"आत्ता नाही," मी म्हणालो. "बांधावर आल्यावर."

"बराबर. मी हितंच उभी हाय. या सावकाश."

ती थांबली होती त्या जागेपर्यंतची ढेकळे मी सळईशिवाय, केवळ नजरेने तपासत ओलांडली. तेथून तिच्या पावलांवर पाय ठेवला. बांधावर आलो, बूट आपटले आणि प्रश्न विचारला. 

"पिठलं," ती म्हणाली. "अन् भाकरी थंड होऊन राह्यल्यात."

आता फौजेतून निवृत्त होऊन पुष्कळ काळ लोटला. जालन्यात मस्तगडला राहतो. घरी आलो की बूट बाहेर आपटतो, उंबरा ओलांडतो आणि मगच सुमनला विचारतो. जिन्यात कोणी शेजाऱ्याने जेवणाचा विषय काढला, तर अजूनही माझी नजर प्रथम पायांकडे जाते.

उस्ताद गेल्यानंतरच्या त्या रजेत मी बदनापूरला शेळके वहिनींना भेटलो होतो. उस्ताद आम्हा सर्वांना विचारत. ते वरिष्ठ, म्हणून त्यांना उलट कोणी विचारले नव्हते. मी वहिनींना विचारले, त्या संध्याकाळी घरी काय केले होते?

 त्या म्हणाल्या, "भरली वांगी केल्ती. हे येणार म्हणून मी हात बसवून पाहत होते."

खुंट्या ओलांडून, हेल्मेट काढून, हे उत्तर उस्तादांनी द्यायचे होते. वर्षातून एकदा, त्यांच्या दिवशी, आमच्या घरी भरली वांगी होतात. कदम साताऱ्याहून फोन करतो आणि उस्तादांच्या आवाजात विचारतो. त्यांच्या वतीने उत्तर मी देतो.