लाटण्याची सुट्टी

गेल्या खंडेनवमीच्या सकाळी न्यूझीलंडमधल्या माझ्या ओटाहुहुच्या स्वयंपाकघरात एक बाई माझ्याआधी उठून कणीक मळत बसली होती. बसली होती म्हणजे उभीच होती. आठ दिवसांत मी तिला शंभरदा सांगितलं असेल, की अगं बाई, टेक जरा. टेकली तरी खुर्चीच्या अगदी टोकावर टेकायची, कुणी हाक मारली तर उठायला सोपं पडावं म्हणून.

ती वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटहून आली होती. तिथल्या एका मराठी घरात दोन वर्षं स्वयंपाक, धुणं, दोन मुलं आणि सासूबाईंचे पाय चेपणं, सगळं हिच्या गळ्यात. पगार नाही, सुट्टी नाही, एकटीनं दाराबाहेर पाऊल नाही. शेवटी सासूबाईंना तपासायला येणाऱ्या एका नर्सबाईंना सुगावा लागला. त्यांनी तिला ट्रेननं वेलिंग्टनला नेलं आणि तिथून दिवसभराच्या बसनं माझ्याकडे धाडलं. मी अशा बायकांना घरात घेते. दिवसा एका हॉस्टेलच्या किचनमध्ये नोकरी, आणि घरी हा उद्योग. सहा-सात वर्षं झाली.

आता हिची सुटका झाली म्हणावं, तर कसलं काय! हिचा फोन सारखा वाजायचा. तिकडून मॅडम रडायच्या. ‘धाकटा तुमच्यावाचून जेवत नाही हो. तुम्ही तर घरच्या ना? या परत, आम्ही नाही रागावणार.’ म्हणजे रागवायचा हक्क पुन्हा त्यांचाच! आणि ही फोन कानाला लावून ‘हो मॅडम, हो मॅडम’. नवमीच्या दुपारी दोनच्या बसचं परतीचं तिकीटसुद्धा त्यांनी फोनवर पाठवून दिलं होतं. त्या सकाळी मी पाहिलं, तर हिची पिशवी भरून दाराशी तयार.

“तुमच्यापुरत्या चार पोळ्या करून ठेवते, ताई,” ती म्हणाली. “मग निघते.”

माझं डोकं असं सणकलं म्हणता! पण कडी लावून हिला कोंडायची, तर मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय? जीभ आवरली आणि म्हटलं, “जा. तुला कोण अडवतंय? पण त्याआधी मी कशी पळाले ते ऐकून जा.”

लोकांना वाटतं, माझी गोष्ट फार शौर्याची आहे. मागे एका मंडळानं मला हॉलमध्ये बोलावून शाल घातली. सूत्रसंचालक माइकवर ‘गुलामीच्या बेड्या तोडून’ वगैरे म्हणायला लागला आणि मला पुढच्या रांगेत हसू आवरेना. बेड्या कसल्या डोंबलाच्या! साहेबांच्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायात, लाटणं हातात, आणि मी निघाले होते लिंबू आणायला.

मी पुण्याची. एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायचे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. केंद्रावर डबा न्यायला एक आजी यायच्या, त्यांची मुलगी न्यूझीलंडला. तिला घर आणि मूल सांभाळायला माणूस हवं होतं. स्वतंत्र खोली, चांगला पगार, दर रविवारी सुट्टी, सगळं तोंडी. व्हिसाच्या कागदांवर तर मला त्यांची सख्खी मावशीच करून टाकलं. मला मेलीला ती बढती वाटली!

इथून जवळच माउंट वेलिंग्टन भागात (वेलिंग्टन शहर वेगळं) मोठ्या मॉलच्या मागे त्यांचं घर. स्वतंत्र खोली म्हणजे गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनशेजारी टाकलेली गादी. पहिल्याच दिवशी मॅडमनी, म्हणजे त्या आजींच्या मुलीनं, माझा पासपोर्ट मागून घेतला. “मावशी, हरवेल तुमच्याकडून. देवाजवळ ठेवते.” देवघराच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप. पुढचं वर्षभर मी रोज सकाळी देवाला आणि पासपोर्टला एकदमच नमस्कार करत होते. पगाराचं विचारलं, की मॅडम म्हणायच्या, “घरच्या माणसाला कुणी पगार देतं का?” बाहेर पडते म्हटलं, की साहेब म्हणायचे, “तुमचा व्हिसा संपलाय मावशी, पोलीस धरतील.” त्यांच्या लेकीला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीत. तिला एकदा मी विचारलं, की बाळा, मी तुझी कोण? ती म्हणाली, “यू आर द मावशी.” जसं घरात द फ्रीज असतो.

मग आली खंडेनवमी. ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते हत्यार त्या दिवशी पाटावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही. वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याला विश्रांती. मॅडम या बाबतीत फार कडक. साहेबांचा लॅपटॉप पाटावर, दोघांचे फोन पाटावर, गाडीच्या किल्ल्या पाटावर. आणि सगळ्यात पुढे पासपोर्ट! “परदेशात यांच्यावरच तर आपलं सगळं आहे,” असं म्हणून मॅडमनी कुलूप काढलं आणि चारही मांडले. त्यांचे तीन, माझा एक. सगळे निळे, सगळ्यांवर सारखंच हळद-कुंकू. वर्षभरानं माझा पासपोर्ट मला दिसला.

“मावशी, तुमचंही लाटणं आणा की,” मॅडम म्हणाल्या. मीही हौसेनं धुऊन आणलं, पुसलं, लॅपटॉपशेजारी ठेवलं. मॅडमनी त्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं. झेंडू त्या दिवसांत मिळत नाही इथे, म्हणून अंगणातल्या गवतातली पांढरी डेझी. मला भरून आलं बघ. म्हटलं, आपणही काहीतरी आहोत या घरात.

आरती झाली आणि पाच मिनिटांत मॅडम म्हणाल्या, “मावशी, तेवढं लाटणं घ्या उचलून. पुऱ्या व्हायच्यात.”

मी पाटाकडे पाहिलं. साहेबांचा फोन फुलाखाली घूं घूं करून वाजत होता. ऑफिसचा असणार. साहेब नुसते हात चोळत बसले होते, पण मॅडमच्या धाकानं हात लावायची हिंमत नव्हती. लॅपटॉपला सुट्टी, फोनला सुट्टी, अख्ख्या गाडीला सुट्टी, आणि माझ्या दीड वितीच्या लाटण्याला तेवढी नाही. वर्षभर पगार मिळाला नाही, गॅरेजात झोपले, ते सगळं मी गिळलं होतं. पण लाटण्याचा असा अपमान? माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी माझा मूर्खपणा ऐक. आधी मी सगळ्या पुऱ्या तळल्या! भिजवलेली कणीक टाकून जायची माझी छाती झाली नाही. श्रीखंडावर झाकण ठेवलं, गॅस बंद केला, ओटा पुसला. मग लाटणं पाटावर परत ठेवायचं निमित्त करून आत गेले, एक पासपोर्ट उचलून पोलक्यात खुपसला आणि लाटण्यासकट बाहेर आले. दारात हाताला लागल्या त्या साहेबांच्या जँडल्स पायात सरकवल्या.

“मावशी, कुठे?” मॅडमनी सोफ्यावरून विचारलं.

“डेअरीत,” मी म्हटलं. इथे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला डेअरी म्हणतात. “गाडीच्या चाकाखाली ठेवायला लिंबू नको का?”

“दोन आणा,” त्या म्हणाल्या.

बसस्टॉपवर आले तेव्हा कळलं, की आपल्याकडे ना कार्ड, ना एक सेंट. बस आली. ड्रायव्हर म्हणाला, “किया ओरा!” म्हणजे इथला नमस्कार. मी हात जोडले, हातात लाटणं तसंच. त्यानं माझ्याकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं, “स्वीट ॲज,” म्हणाला आणि मान हलवून आत घेतलं. मला इंग्रजी फार येत नव्हतं, पण एवढं कळलं, की हा काही धरून देत नाही.

ओटाहुहुला एक फार्मसी होती, तिथे एक मराठी पोरगी. मागे माझा हात तेलानं भाजला तेव्हा मॅडम मला मलम घ्यायला तिथे घेऊन गेल्या होत्या. त्या गाडी लावत होत्या तेवढ्यात ही पोरगी हळूच म्हणाली होती, “काकू, बऱ्या आहात ना?” वर्षभरात मावशी सोडून दुसरी हाक मारणारी ती पहिली. मलमाच्या खोक्यावर तिनं फोन नंबर लिहून दिला होता. फोन माझ्याकडे नव्हताच, म्हणून मी नंबराऐवजी स्वतःच गेले. दुकानात शिरले आणि काऊंटरवर लाटणं ठेवून रडत सुटले.

पोरीनं मला आत बसवलं, पाणी दिलं, पासपोर्ट मागितला. उघडून तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“काकू, यात तुम्हाला मिशी आहे.”

घाईघाईत मी साहेबांचाच पासपोर्ट घेऊन आले होते! माझा राहिला तिकडे पाटावर. मी कपाळ बडवून घेतलं. मॅडमचा नंबर फार्मसीत नोंदलेला होता, त्यावर आम्ही फोनवर फोन लावले. उचलणार कोण? फोन पूजेला बसलेले! गाडीनं मला शोधायला यावं, तर किल्ल्याही पूजेला. अख्खी संध्याकाळ ते घर सोवळ्यात अडकून पडलं होतं, म्हणून मी वाचले.

रात्री मी पोरीकडेच झोपले. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्या झाल्या तिच्या फोनवर साहेबांचा फोन. सोमवारी त्यांना कामासाठी ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. असे ओरडले, की फार्मसीतल्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. “मावशी, दुसऱ्याचा पासपोर्ट असा ठेवून घेणं गुन्हा आहे, माहितीये का? माणूस कुठे जाऊ शकत नाही त्याच्यावाचून!”

चोराच्या उलट्या बोंबा! पण खरं सांगते, मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, “काळजी करू नका हो साहेब. तुमच्याकडून हरवला असता. देवाजवळ ठेवलाय.”

इथवर आले, तर अप्पर हटची बाई फस्सकन हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवून इकडेतिकडे पाहिलं. मी पुढे सांगत राहिले.

अदलाबदल ठरली ओटाहुहु स्टेशनवर. मी आणि पोरगी बाकाच्या या टोकाला, साहेब आणि मॅडम त्या टोकाला. मी मनात शिव्यांची यादी तयार करून गेले होते. पण दसरा ना! आपट्याची पानं इथे कुठली? मॅडमनी कुठल्याशा झाडाची जोडपानं आणली होती. “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा,” म्हणत माझ्या हातात ठेवली, आणि साहेब सवयीनं खाली वाकून माझ्या पाया पडले! माझ्याही तोंडून सवयीनं निघून गेलं, “सुखी राहा.” मग भानावर येऊन आम्ही पासपोर्ट बदलले. पोरीनं माझा उघडून पाहिला. मिशी नव्हती, मीच होते.

जाताना मॅडम वळून काय म्हणाल्या असतील? “मग शनिवारी येताय ना? वीस जण जेवायला आहेत.” अगदी मनापासून विचारत होत्या! त्यांना वाटलं, भांडण मिटलं. पुढे त्या पोरीनं मला सरकारी ऑफिसात नेलं, जबाब झाले, वर्षभर कागद हलले, मग मला राहायची परवानगी मिळाली. शेवटपर्यंत मॅडमचं एकच पालुपद, ‘आम्ही त्यांना घरच्यासारखं वागवलं.’ आणि खोटं नव्हत्या बोलत त्या. तेच मला सगळ्यात भीतिदायक वाटतं.

“आणि लाटणं?” त्या बाईनं विचारलं.

“हे काय, तुझ्या हातात.”

तिनं लाटण्याकडे पाहिलं. एका टोकाला तेलकट लाल डाग आहे, तो मी घासून काढत नाही. मी उठले, पाट मांडला. वर तवा ठेवला, माझी हॉस्टेलची सुरी ठेवली. मग तिच्यापुढे हात केला. तिनं लाटण्याचं पीठ पदरानं पुसून ते माझ्या हातात दिलं. मी कुंकू लावलं, डेझीचं फूल वाहिलं.

“मग कणकेचं काय?” ती म्हणाली.

“फ्रीजमध्ये.”

“आणि जेवायचं काय?”

“टोस्ट. मी करते.”

बोलता बोलता दीड वाजला होता. माझ्या घरापासून स्टॉप जवळच, अजून बस गाठता आली असती. आणि तेवढ्यात फोन वाजला. फोनवर ‘मॅडम’ अशी अक्षरं उमटली. तिनं हात पुसले, फोन उचलला. म्हटलं, संपलं, आता ‘हो मॅडम’.

ती फोन तसाच वाजता घेऊन पाटाशी गेली. लाटण्याशेजारी ठेवला. कुंकवाचं बोट टेकवलं, वर एक फूल ठेवलं. फोनच्या थरथरीनं फूल घरंगळलं, तर तिनं उचलून परत नीट बसवलं.

“उद्यापर्यंत हलवायचं नाही ना, ताई?”

“नाही.”

फोन वाजायचा थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. माझे डोळे भरून आले म्हणून मी टोस्टरकडे तोंड करून उभी राहिले. मागे खुर्ची करकरली. वळून पाहिलं, तर ती पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती.

“लोणी जरा जास्त लावा हं,” ती म्हणाली.