मधल्या बोटावरची शाई

अनय, रेवा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू कधी भूत पाहिलंस?" नाही. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलेली बाई आहे. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच हाकलते. पण एक गोष्ट आहे... तिचा मेळ मला आजवर बसलेला नाही. घडली तशी लिहिते.

नव्वदच्या दशकातली निवडणूक. आम्ही तेव्हा पुलगावच्या शेजारी, नाचणगावला राहत होतो. तुमचे आजोबा निवडणुकीच्या ड्युटीवर कारंजा घाडगेला गेलेले. घरात मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे तुमची पणजी. त्यांचा पाय मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. कूस बदलायलाही मी लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं — पुन्हा पडल्या तर ऑपरेशन, आणि ते त्यांना झेपणार नाही.

पण त्यांनी आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं.

"मले घेऊन चाल व."

"आई, उचलायला कोणी नाही. या वेळी राहू द्या."

"तू जाशीन अन् मी खाटेवर पडून राहू? मी येतोच, पाह्यजो तू!"

मी हसले. पाणी हाताशी ठेवलं, मागच्या दाराला आतून अडसर घातला, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

शाळेतल्या बूथवर आमच्या शेजारचे किराणा दुकानदार सुधाकरभाऊ पोलिंग एजंट म्हणून बसले होते. मला पाहून हसलेच.

"काय वहिनी, सासू पुढं अन् सून मागं! आजी तर मघाच मत टाकून गेल्या."

"कोणाच्या आजी?"

"कोणाच्या म्हंजे? तुमच्या! चार बोटांच्या दुसऱ्या कोण हायेत गावात?"

सासूबाईंच्या डाव्या हाताची तर्जनी लहानपणीच कडबा कापायच्या यंत्रात गेली होती. शाई डाव्या तर्जनीलाच लावतात, त्यामुळे दर मतदानाला त्यांची शाईवाल्याशी हुज्जत व्हायची.

"भांडल्या ना माझ्याशी," शाई लावणाऱ्या मॅडम म्हणाल्या. त्या बाहेरगावच्या शिक्षिका होत्या. "शेवटी मधल्या बोटाला लावली."

"सोबत कोण होतं? चालत कशा आल्या?"

सुधाकरभाऊंचं हसू थांबलं. "एकट्याच होत्या... प्लास्टर हाय ना त्याईले? वहिनी, मी पायाकडं पाह्यलंच नाई."

मी मत न देताच निघाले. भर उन्हात रस्ता ओस पडलेला. प्रत्येक भिंतीच्या सावलीत, प्रत्येक नालीच्या कडेला मी त्यांना शोधत होते — पडल्या असतील, विव्हळत असतील...

दाराला कुलूप तसंच होतं. उघडं असतं तर बरं वाटलं असतं. मी घाईने कुलूप काढलं.

"आई!"

मी आत धावले. खाटेवर डोळे मिटून निश्चल. मी नाकापाशी हात धरला. गार पडले होते ती मीच. त्यांचा श्वास कोमट, शांत चालू होता. मग नजर त्यांच्या डाव्या हातावर गेली. मधल्या बोटाच्या नखावर आणि कातडीवर जांभळट काळी रेघ. पदराने घासली. निघाली नाही.

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"तुह्यं बोट कोरं काऊन व?"

मी बोट मुठीत लपवलं.

"जाय, टाकून ये. मी कुठं पळून नाई जात."

मी गेले नाही. त्यांचा हात धरून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.

कोणीतरी त्यांच्या नावाने बोगस मत टाकलं असेल, असं आजोबा म्हणाले. असेल. पण सुधाकरभाऊ त्यांना रोज पाहणारे. मागच्या दाराचा अडसरही जागेवरच होता. आणि अशा बंद घरात हे बोट कोणी रंगवलं, हे आजोबांनाही सांगता आलं नाही.

त्यांची नखं मीच कापायची. काळा डाग हळूहळू टोकाकडे सरकला. शेवटचा तुकडा कापला त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "आई, त्या दिवशी तुम्ही खरंच गेला होतात?"

त्यांनी बोट उन्हात धरून निरखलं.

"पुढच्या टायमाले रिक्षा करजो व. पायी लय दूर पडते."

पुढच्या निवडणुकीला मी रिक्षा केली. सकाळी सातलाच.