काजळीवरची रेघ

लहानग्या मीनाला माझ्याजवळ येऊ द्यायचं नाही असं घरात ठरलं, त्या दिवसापासून मी देवापुढे हात जोडणं सोडून दिलं होतं.

आमचं घर भोरात. यजमान कचेरीत कारकून. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मीनाच्या जन्मानंतर मला धाप लागू लागली. जिना चढले की छातीत शिट्टी वाजायची आणि वर पोचून बोलायचं ते बोलणं राहूनच जायचं. गावातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आणायला सांगितला. त्यात एक डाग निघाला आणि ‘क्षय असू शकेल’ एवढे तीन शब्द आमच्या घराला पुरले. माझं ताट-भांडं वेगळं झालं. मीना पलीकडच्या आळीत थोरल्या जाऊबाईंकडे गेली. कधी ती आमच्या दारात येऊन “आई” म्हणायची आणि कुणीतरी तिला लगेच उचलून न्यायचं. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांचा एक मुलगा याच रोगाने गेला होता, त्या भ्यायल्या होत्या. हे मला कळत होतं, म्हणून त्यांच्यावर रागावता येईना. मग मी देवीवर रुसले. तोरणा गडावरच्या मेंगाईला ओटी कबूल केली होती. तिने स्वप्नात यावं, डोक्यावर हात ठेवावा, काहीतरी सांगावं, अशी वाट बघून बघून मी थकले होते.

शेवटी यजमान मला पुण्याच्या इस्पितळात घेऊन गेले. थुंकीत जंतू सापडले नाहीत. तिथले डॉक्टर म्हणाले, “डाग जुना दिसतो. पण धाप कशाने लागते ते मोजूनच कळेल. श्वासाच्या नळ्या आवळल्यात, की फुफ्फुसच निकामी झालंय, ते बघू.”

मोजायचं यंत्र म्हणजे पाण्यात उपडा घातलेला एक मोठा डबा. त्याला जोडलेल्या रबरी नळीत फुंकलं की डबा वर उचलला जाई आणि शेजारी फिरणाऱ्या काजळी धरलेल्या कागदावर सुई पांढरी रेघ ओढी. माझ्या नाकाला चिमटा लावला. समोरच्या बाकावर नंबराची वाट बघणारी पाच-सहा माणसं बसली होती.

“छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात जोराने सोडा. आत काही ठेवू नका,” डॉक्टर म्हणाले.

परक्या पुरुषांसमोर मी कधी मोठ्याने हसलेही नव्हते. पदर सावरत, मान खाली घालून फुंकलं. डबा जेमतेम हलला. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. डॉक्टर कागद बघून म्हणाले, “बाई, ही तुमची लाज फुंकतेय. असंच चाललं तर मला फुफ्फुस निकामी म्हणून लिहावं लागेल.” यजमान फरशीकडे बघत उभे होते. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात बाकावरून एक धनगरीण उठली. पन्नाशीची असेल, कपाळभर कुंकू, हातात नवऱ्याची काठी. नवरा बाकावर खोकत बसला होता. ती सरळ माझ्यापाशी आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“अगं बाय, लेकरू झालंय न्हवं तुला?”

मी मान हलवली.

“मग तवा कळ दिलीस, तशी दे की! तवा का गडीमान्सं बघून लाजलीस? घे दम. आन् म्हण, आई मेंगाई! दे आता, दे, दे, दे!”

सगळी खोली हसायला लागली. डॉक्टर हसले, खाली बघणारे यजमानही हसले आणि मलाही हसू आलं. त्या हसण्यात लाज कुठे गेली कळलंच नाही. मनातल्या मनात देवीचं नाव घेऊन मी जे फुंकलं, त्याने डबा असा उसळला की डॉक्टर “वा!” म्हणाले. मग रबरी फुग्यातून तोंडात औषधाचा फवारा मारला, थोडा वेळ बसवलं आणि परत फुंकायला लावलं. या वेळी रेघ आधीच्या रेघेच्या कितीतरी वर गेली.

“दमा आहे,” डॉक्टर म्हणाले. “नळ्या आवळतात आणि औषधाने सुटतात. क्षय नाही. मुलीला खुशाल जवळ घ्या.”

मी वळून पाहिलं तर ती बाई नवऱ्याला हाताला धरून यंत्राकडे नेत होती. तिच्याशी बोलावं, तर यजमानांना भोरची गाडी गाठायची घाई. घरी पोचलो तेव्हा सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चपला घालून स्वतः पलीकडच्या आळीत गेल्या आणि मीनाला आणून माझ्या मांडीत टाकलं. “घे तुझी लेक. भारी हट्टी झालीय,” म्हणाल्या आणि आत जाऊन डोळे पुसत बसल्या.

ती बाई कोण, हा विचार माझ्या मनातून जाईना. नेमकं मेंगाईचंच नाव तिने का घ्यावं? पुढे यजमानांचं तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याला काम निघालं, तेव्हा मीनाला घेऊन मीही गेले. बाजारात लोण्याचं गाडगं पुढे घेऊन ती बसलेली! मला बघताच ओरडली, “आगं, तू ती फुंकणारी न्हवं?”

मी वाकून तिच्या पायांना हात लावला. म्हटलं, “मावशी, त्या दिवशी तुमच्या रूपाने माझी देवी आली हो.”

ती खदखदून हसली. “कशाची देवी, बाय! सकाळधरनं पोटात अन्न न्हवतं. तुझं उरकल्याबिगार आमचा लंबर लागंना, म्हून उठले म्या!” आणि मीनाच्या हातावर तिने लोण्याचा मोठा गोळा ठेवला.

मला दमा अजून आहे. थंडीत छाती वाजते, औषध घेते, बरं वाटतं. त्या बाजारातूनच वर तोरण्याकडे हात जोडून मी ओटीचा नारळ वाढवला, कारण गड चढण्याइतका दम काही मला नाही. देवीने स्वप्नात यावं असं आता मी म्हणत नाही. तिने कसं यायचं ते मी का ठरवावं? भुकेल्या पोटी, खेकसत, हसत, जशी येईल तशी ती माझीच आई.